विनातिकीट वाकळेकाका

आमच्या वरच्या मजल्यावरचे वाकळेकाका तिकीट काढत नाहीत. कशाचंच. नाटकाचं नाही, सर्कशीचं नाही, जत्रेतल्या पाळण्याचंसुद्धा नाही. तुम्ही याला चिकटपणा म्हणाल. मीही कैक वर्षं तेच म्हणत होते. पण काकांच्या लेखी ती शपथ आहे. हा माणूस उभा जन्म एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होता. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार असतानाच त्यांनी जाहीर केलं, "लोकांची तिकिटं फाडून फाडून बोटं झिजली. आता आपुन काढायचं न्हाई. बास!"

बरं, तिकीट काढायचं नाही तर घरी बसावं ना? छे! नगरात गाणं, व्याख्यान, चित्रं, काहीही असो, आमच्या केडगावहून सायकल मारत काका हजर. कुठल्या गाण्याच्या क्लासची गुरुपौर्णिमा कधी आहे, लष्कराच्या बँडचा सराव कोणत्या भिंतीमागून नीट ऐकू येतो, सगळं तोंडपाठ. "बाई, प्रदर्शनाला उद्घाटनाच्या दिवशी जायचं. समारोपाला चहा नसतो." मी शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'बाई'.

एकदा हे गृहस्थ ओळखीच्याच्या कांद्याच्या टेम्पोत बसून थेट पुण्याला चित्रं बघायला गेले. वाटेत कांद्याची फोलपटं उडून डोळ्यांत गेलेली. एका चित्रासमोर उभे राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. चित्रकार धावत आला, यांचे हात धरले, कॉफी पाजली. "लई भला मानूस," काका सांगत होते, "पन चित्र काय दिसलं न्हाई बघा. डोळंच उघडंनात!"

कलेची पारखही कंडक्टरचीच. गवयाची तान आवडली की म्हणणार, "घाट झ्याक चढला." वक्ता लांबला की, "विनाथांबा हाय ह्यो. प्रवाशांचा इचार न्हाई."

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या हौशी मंडळानं एक नाटक बसवायला घेतलं. तालमी नगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. मी त्यात आई. मुलगा शहरात गेलेला, आई रोज दोन ताटं वाढून त्याची वाट बघते, असं ते नाटक. दुसऱ्याच दिवशी सायकलच्या कॅरिअरला घडीची खुर्ची बांधून वाकळेकाका दारात. तालमीला तिकीट नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

मग रोजच. बसायचे गप्प, पण मध्येच विचारायचे, "आईचं लुगडं कंच्या रंगाचं?" "खिडकीतनं काय दिसतंय तिला?" आमचा दिग्दर्शक दात-ओठ खायचा. आणि साडेसातच्या ठोक्याला, काहीही चालू असो, खुर्ची मिटून हे पसार. शेवटचा प्रवेश आम्ही नेमका त्यानंतर करायचो. महिनाभर तालमी बघून काकांना शेवट काही ठाऊक नव्हता!

शेवटच्या तालमीच्या दिवशी निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, एक सांगा. ते पोरगं शेवटी घरी येतं का?"

मी म्हटलं, "परवा प्रयोग आहे की. पास देते तुम्हाला."

"पास?" काकांनी असं तोंड केलं की जशी मी शिवीच दिली. "पासवाल्यांनी जन्मभर छळलंय मला. मी न्हाई व्हनार पासवाला. आन् त्या टायमाला मला घर सोडता येत न्हाई. नुस्तं सांगा ना, येतो का?"

मी दिवसभर शाळेत ओरडून दमलेली. फाडकन म्हणाले, "मग तिकीट काढा आणि बघा!"

सगळे हसले. काकाही हसल्यासारखं करून गेले. गडबडीत त्यांची खुर्ची मात्र हॉलवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी ती खुर्ची द्यायला मी वर गेले. दार लोटलेलं होतं आणि आतून काका बायकी आवाजात बोलत होते. माझीच वाक्यं! फटीतून बघते तर माझ्यासारखाच, नसलेला पदर सावरत! मला आधी रागच आला. इतका वाईट आवाज आहे माझा?

तेवढ्यात घंटी वाजली. टिंग.

काका थांबले. पलंगावर वाकळेकाकू होत्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या जिना उतरलेल्या नाहीत, हे मला माहीत होतं. माहीत नव्हती ती पलंगाच्या वर टांगलेली जुन्या गाडीतली घंटी. तिची दोरी काकूंच्या चालत्या हातात होती.

"कालच्यापेक्षा लौकर रडली आज आई," काकू म्हणाल्या.

"बाईंनी काल तसंच केलं. मी काय करू?"

टिंग टिंग. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काका पुढे निघाले. पूर्वी हे दोघं मिळून फुकटात हिंडायचे. आता काका एकटे जाऊन बघतात आणि घरी आणून पोचवतात, हे मला तेव्हा कळलं. साडेसातला उठायचं ते काकूंच्या जेवणाची वेळ चुकू नये म्हणून. मी दारात उभी, हातात खुर्ची, आणि कालचं माझं वाक्य मला असं बोचायला लागलं की काय सांगू!

"मग?" काकूंनी विचारलं. "येतो का न्हाई पोरगा?"

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "गाडी लेट हाय."

"अहो, आठ दिवस झालं, लेटच हाय."

त्यांचा स्वतःचा मुलगा बंगळुरात असतो. दोन दिवाळ्या झाल्या, आलेला नाही. आमच्या नाटकातलाही येत नाही. आई शेवटी वाट बघणं सोडून दुसरं ताट उचलून ठेवते आणि पडदा पडतो. हे मी काकूंना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मी आत शिरले. म्हटलं, "काकू, शेवट मी करून दाखवते. काका, तुम्ही जरा बाहेर जा, आणि मी दाराकडे बघितलं की आत या. तुम्ही मुलगा."

स्वयंपाकघरातून दोन रिकामी ताटं वाट्यांसकट आणून मी जमिनीवर मांडली. वाट बघितली. तालमीत कधी जमली नव्हती इतकी चांगली बघितली. मग दाराकडे वळले. काका आत आले. सत्तरीचा माणूस, चपला हातात, खाली मान. "आये," ते म्हणाले, "आलो गं."

टिंग.

थांबा! चोरी पकडली गेली. काकू माझ्याकडे बघत होत्या, काकांकडे बघत होत्या.

"इतक्या लांबून आलंय पोरगं," त्या म्हणाल्या. "बोलत काय बसलीयेस? वाढ की त्याला आधी."

आणि दोरी ओढली. टिंग टिंग.

काका ताटावर बसले. मी खोटीखोटी पोळी वाढली. रिकाम्या वाटीत बोट बुडवून ते खरोखरचं असल्यासारखं जेवू लागले. चष्मा पुसायला शर्टाचं टोक सापडत नव्हतं त्यांना.

प्रयोग झाला. हॉल भरलेला होता. शेवटच्या प्रवेशात माझी वेळ आली, मी वाकले, दुसऱ्या ताटाला हात लावला आणि तशीच सरळ झाले. ताट मी उचललंच नाही. दिग्दर्शक अजून माझ्याशी बोलत नाही.