नाव लिवून घे, बाय!

आमच्या थळच्या जोमाकाकांना दारात बघून आजारी माणूस ताडकन उठून बसायचा. वैद्याला जे जमत नसे ते काकांना जमे. कारण एकच. गावात कुणी वारलं की काका मयताला खांदा द्यायचे, समुद्रातच आंघोळ करायचे आणि ओल्या अंगानं थेट चावडी गाठायचे. "म्हातारा गेला. मतांच्या यादीतनं नाव काडा!" एकदा तापानं फणफणलेल्या शेजारच्या भागीआजीला ते बघायला गेले, तर तिनं उठून केरसुणीच उचलली. "मुडद्या, मी जिती हाय अजून! जा तुज्या चावडीवर!"

काका जातीचे नाखवा. वय झालं म्हणून होडी सुटली होती. लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य, पण यादीची काळजी तलाठ्यापेक्षा यांनाच जास्त. मुंबईच्या बोटीसाठी रेवसच्या धक्क्याकडे कुणी ट्रंक घेऊन निघाला की वाट अडवायचे. "कायमचा चाललास का परत येनार? नीट सांग. नाव ठेवायचं का काडायचं?" तो बिचारा चार दिवस बहिणीकडे निघालेला असे.

छत्तीस सालच्या सुमाराला बातमी आली, की नवरा जमिनीचा सारा भरत असेल तर बायकोलाही मत, पण अर्ज तिनं स्वतः करायचा. झालं! काका दारोदार फिरायला लागले. "नाव लिवून घे, बाय!"

मी म्हटलं, "अहो काका, मला काय करायचंय मत? माझी चूल पेटते मताशिवाय." ते ऐकतील तर ना! आणि खरं सांगू, मला मनातून हवंच होतं. वाडीतले माड मी शिंपायचे, सुपारी मी सोलायची, मग मत तेवढं मी का देऊ नये?

अर्जाच्या शेवटच्या दिवशी काका मला चावडीवर घेऊन गेले. आमचे हे मुंबईला, गोदीत कामाला. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार, बाई! काकांनी सांगून पाहिलं, तर कारकून म्हणाला, "अर्ज जिचा तिनं सांगायचं. नाहीतर अर्ज बाद." आणि दौतीला झाकण लावायला लागला.

"आगं, उखान्यात घे की!" काका ओरडले. "लग्नात घेतलंस ना?"

मी पदर सावरला. "केळीच्या पानावर भात नि कढी, महादेवरावांचं नाव घेते, साक्षीला थळची चावडी!"

शिपायानं टाळ्याच पिटल्या. कारकुनालाही हसू फुटलं. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "महादेवची बायको."

काकांनी वहीवर पंजा ठेवला. "बायको न्हाय. तिला नाव हाय. ते लिव."

"असंही चालतं, बाबा."

"मला न्हाय चालत."

शेवटी लिहिलं गेलं, सरस्वती महादेव. जन्मल्यापासून पहिल्यांदा माझं नाव सरकारी कागदावर! मला भरून आलं. मी तिथंच काकांच्या पाया पडले. त्या माणसाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

परतताना मी विचारलं, "काका, एका नावासाठी एवढं भांडलात?"

ते चालता चालता थांबले. "आमची गेली ना, तवा पाटलानं मयताच्या वहीत लिवायला तिचं नाव इचारलं. माज्या तोंडातनं निगेना. चार मानसं उभी होती, लाज वाटली. मंग त्यानं लिवलं, जोमाची बायको. तीस वर्सं संसार केला तिनं. कागदावर नाव काय आलं न्हाय."

मी हळूच विचारलं, "काय हो नाव त्यांचं?"

काकांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. वाटेवर आम्ही दोघंच होतो.

"चांगुणा," ते म्हणाले, आणि सत्तरीचा तो दांडगा नाखवा नव्या नवऱ्यासारखा लाजला.