आलेखाला उठलेला गोवर

"एका क्लिकला एक काम पुरे की!" साहेब गेले चार महिने हेच म्हणत होते आणि ताई गेले चार महिने ऐकत नव्हती.

ताई म्हणजे त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीतली आलेखवाली. टाकीतल्या पाण्याची पातळी पडद्यावर रेघेने दाखवणारा प्रोग्राम तिचा. गिऱ्हाईक पाणीपुरवठा खातं, आणि तिथल्या मुख्य इंजिनिअर मॅडमना रोज काहीतरी नवं हवं. रेघेवर क्लिक केलं की आकडा दिसावा. मग लाल ठिपकाही उमटावा. मग पंपघरात मेसेजही जावा. दर वेळी ताईला अख्खा प्रोग्राम उसवून पुन्हा शिवावा लागे. शेवटी तिने नवी रचना केली.

"याला कॉलबॅक म्हणतात, साहेब. ज्याला काम करायचंय त्याने आलेखाकडे नाव नोंदवून ठेवायचं. क्लिक झालं की आलेख सगळ्यांना ओळीने हाक मारणार. मूळ आलेखाला हातसुद्धा लावायला नको."

"आणि उद्या शंभर जणांनी नावं नोंदवली तर?"

"नोंदवू देत की!"

करार पुढे चालू राहणार की नाही, हे प्रात्यक्षिकावर ठरणार होतं. मॅडम समोर बसल्या. पडद्यावर खरी टाकी, या घडीला काठोकाठ भरलेली. त्यांनी क्लिक केलं. आकडा आला. ठिपका उमटला. 'टाकी भरली, पंप बंद करा' असा मेसेज गेला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मग दुसरा ठिपका उमटला. मग तिसरा. बघता बघता रेघेला गोवर उठला.

"ताई," मागून एक्स्प्रेस पुटपुटला. सगळी कामं घाईत उरकणारा हा सहकारी. "काल मी पण एक नाव नोंदवलं. आलेख बदलला की मेसेज पाठव, असं."

"आणि मेसेज गेला की ठिपका उमटव, हे कुणी नोंदवलं?"

"ते पण मीच."

ठिपका पडला की आलेख बदले, बदलला की मेसेज जाई, आणि मेसेज गेला की पुन्हा ठिपका.

"अहो, त्याचं नाव काढा ना!" साहेब कुजबुजले.

ताई कीबोर्डवर ओणवली. "नाव काढायची सोयच केली नाही मी."

साहेब टेबलाखाली शिरले आणि त्यांनी हाताला लागली ती वायर उपटली. ती प्रोजेक्टरची होती. पडदा काळा झाला, मेसेज जातच राहिले. ताईने घाईघाईने अख्खा प्रोग्रामच बंद केला, तोवर तीनशे बारा गेले होते. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्या कपाळाला आठ्या घालून बाहेर निघून गेल्या.

"गेला करार," साहेब टेबलाखालूनच म्हणाले.

"दहा मिनिटं द्या," ताई म्हणाली, आणि तिची बोटं चालू लागली. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला एक पावती, पावती परत केली की नाव कमी. शिवाय हाका मारता मारता आलेखात जो बदल होईल, त्याची पुन्हा दवंडी पिटायची नाही. मॅडम परतल्या तेव्हा पडदा उजळला होता. त्यांनी क्लिक केलं. एक आकडा, एक ठिपका, एक मेसेज. ताई मनातल्या मनात नाचली.

"मघाचं कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

"काढलं, मॅडम. चूक होती ती."

"चूक कसली? आमचे पंपघरातले काका दीड वर्षात एका मेसेजला जागचे हलले नाहीत. आज चार मिनिटांत पंप बंद! वर मलाच फोन करून म्हणतात, 'मॅडम, केला हो बंद, आता आवरा!' मला ते परत हवंय. वेगळं बटण द्या. किती महिने लागतील?"

ताईने खुर्ची पुढे ओढली, एक ओळ लिहिली आणि आलेखाकडे नव्या बटणाचं नाव नोंदवलं. बाकी कशाला हात लावला नाही.

"झालं."

मॅडम पडद्याकडे, मग ताईकडे बघत राहिल्या. "झालं? मग आमच्या बाकीच्या अकरा पंपघरांनाही लावा. नवा करार उद्याच पाठवते."

"लावते. पण तीनशे बारा झाले की थांबायचं, असं ठेवू?"

मॅडमनी क्षणभर विचार केला.

"पन्नास पुरे. माणसंच आहेत ती."