सासऱ्यांची अक्कलदाढ

“हात्तिच्या! एका ओळीचं तर काम आहे, बाबा. संध्याकाळपर्यंत मेसेज बंद. शब्द देतो!”

जावईबापूंनी फोनवर असा शब्द दिला आणि ते खुर्चीत ऐसपैस रेलले. पलीकडे सासरे मात्र अजून धुसफुसत होते.

“अहो, पण माझी अक्कलदाढ काढणार म्हणे! तोंडात एक दात नाही माझ्या, सगळी कवळी! काढणार काय?”

“चाचणीचे मेसेज आहेत ते. लक्ष देऊ नका.”

“लेखी आलंय, जावईबापू. लेखी आलेल्याकडे लक्ष कसं देऊ नको?”

सासरे कोर्टातून निवृत्त झालेले. तारीख पडली की हजर राहायचं, यातच त्यांची उभी हयात गेली होती. लग्नाच्या वेळी त्यांनी “दिवसभर खुर्चीत बसून बटणं दाबतो, याला काय काम म्हणायचं?” असं चारचौघांत विचारलं होतं. हल्ली कुठे त्यांचं मत जरा निवळत होतं. ते पुन्हा गढूळ होऊ नये, ही जावईबापूंची मनापासूनची इच्छा होती आणि बायकोची ताकीदही.

आता हे मेसेजचं झेंगट कुठून आलं? तर जावईबापूंच्या कंपनीत एका दातांच्या दवाखान्यासाठी पेशंटना तारखेची आठवण करून देणारा प्रोग्राम तयार होत होता. चाचणीचे मेसेज खऱ्या पेशंटना जाऊ नयेत, म्हणून प्रत्येकाने एका छोट्या फाइलमध्ये ओळखीतला एखादा नंबर घालायचा आणि ती फाइल आपल्याच मशीनवर ठेवायची, असं ठरलं होतं. जावईबापूंनी सासऱ्यांचा नंबर घातला. त्यांचा फोन जुना, बटणांचा. त्यावर अक्षरं नीट उमटली की सगळीकडे उमटतील, हा हिशेब. वर ‘सासरे’ असं नावही लिहिलं. आणि मग उत्साहाच्या भरात बाकीच्या कामाबरोबर ती फाइलही सगळ्यांच्या सामाईक रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रामच्या कोठारात, ढकलून दिली!

तिथून ती सगळ्यांच्या मशीनवर पोचली. आयती फाइल मिळाल्यावर स्वतःची कोण बनवतो? अख्खी टीम सासऱ्यांच्या दाढा उपटायला लागली.

उपाय सोपा होता. रिपॉझिटरीत एक यादी असते. तिच्यात फाइलचं नाव लिहिलं की त्या फाइलकडे दुर्लक्ष होतं. जावईबापूंनी नाव लिहिलं, यादी सगळ्यांना पाठवली आणि शीळ घालत घरी गेले.

“नक्की बंद झाले ना?” बायकोने विचारलं. “बाबांचा विश्वास एकदा उडाला की उडाला!”

“अगं, उद्या फोन तरी येतो का बघ!”

आणि खरंच, सकाळी फोन आला नाही. जावईबापू ऑफिसात निवांत चहा पीत असताना टीमच्या प्रमुख बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“तुझ्या सासऱ्यांना आत्ताच पुन्हा मेसेज गेला.”

“शक्यच नाही! यादीत नाव आहे की!”

“अरे, यादी म्हणजे दारावरचा रखवालदार. बाहेरच्याला अडवेल. तुझी फाइल तर आधीच आत येऊन मांडी ठोकून बसली आहे. तिला आधी रिपॉझिटरीतून काढायला हवं. पण—”

‘पण’पर्यंत थांबायला जावईबापूंना वेळ कुठे होता? त्यांनी फाइल काढली आणि सगळ्यांना हाक दिली, “ताजं घ्या रे!”

सगळ्यांनी घेतलं. त्याबरोबर सगळ्यांच्या मशीनवरची फाइलही पुसली गेली. नंबरच नाही म्हटल्यावर प्रोग्राम जागच्या जागी आडवा!

“अरे, माझ्याकडचे सासरे गेले!” एक जण ओरडला.

“माझ्याकडचेही गेले!”

हे ऐकून ऑफिसातल्या हिशेबनीस बाई धावत पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “वय काय होतं हो?”

“मी ‘पण’ म्हणत होते ते हेच,” प्रमुख बाई म्हणाल्या.

मग प्रत्येकाकडून नवी फाइल बनवून घेण्यात, ज्याचा त्याचा नंबर घालण्यात आणि हिशेबनीस बाईंची समजूत काढण्यात बराच वेळ गेला. पण या खेपेला यादीने आपलं काम चोख केलं. जावईबापूंनी घाम पुसला आणि अभिमानाने फोन लावला.

“बाबा, आता अगदी कायमचं बंद!”

“हां, बोवा,” पलीकडून बोबडा आवाज आला. “मी दवाखान्यातच आहे.”

“दवाखान्यात? काय झालं?”

“अक्कवदाढ. आज सकावची तारीख आवी होती. दोन बस बदवून आवो. डॉक्टरांना सोयीचं जावं म्हणून कववी घरीच ठेववी.”

“अहो बाबा, पण तो मेसेज खोटा होता!”

“खोटा कसा? खोटे मेसेज काव संध्याकावी बंद होणार, असा शब्द दिवा होतात तुम्ही. हा त्यानंतर, रात्री आवा. म्हणजे खराच असणार!”

एवढ्यात पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

“मी डॉक्टर बोलतोय,” एक कोरडा आवाज आला. “आमचा प्रोग्राम बनवणारे ते जावई आपणच का?”

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण मागून सासऱ्यांचं बोळकं अख्ख्या दवाखान्याला सांगत होतं, “हो हो, माझाच जावई! सगवं त्यानंच केवंय!”