चिंचेखालचा तंबू

नियोजन या विषयात माझा हात धरणारं आमच्या माण गावात कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते! भिशी असो, बारसं असो, नाहीतर भाड्याच्या खोल्यांच्या टाक्या धुवायचा दिवस असो, साधना आहे म्हटल्यावर घरातले बाकीचे निवांत झोपतात. त्यामुळे दोन लहान पोरींना घेऊन आयुष्यातलं पहिलं कॅम्पिंग करायचं, हे माझ्या लेखी अगदी किरकोळ काम होतं.

सुरुवात थोरलीने केली. दिशा दुसरीत आहे. तिच्या वर्गातली अर्धी पोरं आयटीवाल्यांची. नाताळच्या सुट्टीत कुणी पवनेला, कुणी ताम्हिणीला तंबूत राहून आलेलं. बाईंनी विचारलं, "दिशा, तू कुठे गेलीस?" आमची कन्या उभी राहून म्हणाली, "मी या शनिवारी जाणारे. मुळशी धरणावर! तंबूत!"

ही बातमी आम्हाला शाळा सुटल्यावर कळली. पण बोलून बसली होती बिचारी, आणि सोमवारी बाई तिला सगळ्यांसमोर सगळं सांगायला लावणार होत्या. मग मी कंबर कसली. धरणाच्या काठाला एकाने आपल्या शेतात तंबू लावायला जागा केलीये, ती ठरवली. तंबू ऑनलाइन मागवला. नारिंगी, चौघांचा, आतून निळा! पार्सल फोडलं तेव्हा पोरींपेक्षा मीच जास्त नाचले.

"आधी घरी रंगीत तालीम!" मी जाहीर केलं. "तिथे पुण्याच्या लोकांसमोर फजिती नको."

"अगं, शेतकऱ्याचा पोरगा मी," कैलास म्हणाला. कैलास म्हणजे आमचे हे. "लहानपणी राखणीला शेतात झोपलोय. मला तंबू शिकवतीस व्हय?"

या शेतकऱ्याच्या पोराने गच्चीवर तंबू उलटा उभा केला. तळ वर आणि दार खाली! सुलटा केला तर खुंट्या ठोकायची पंचाईत. स्लॅबमध्ये खुंटी जाणार कशी? एक वाकली, दुसरी टणकन उडाली आणि खाली भाडेकरूच्या वाळत घातलेल्या बनियनला भोक पाडून गेली.

"माती पाहिजे," मी म्हणाले.

आता माणमध्ये माती शोधायची म्हणजे आली का पंचाईत! जिथे आमच्या सासूबाई भात लावायच्या तिथे आज भाड्याच्या खोल्या आहेत. मोकळा तुकडा उरलाय एकच, रस्त्याकडेचा, चिंचेखालचा.

कैलासचा चेहरा पडला. "तितं नको."

त्याला कारण होतं. त्या तुकड्यावरून माझे सासरे गेणबा, म्हणजे आमचे आण्णा, आणि त्यांचे धाकटे भाऊ कुशाबानाना यांची केस चालू आहे. माझं लग्न व्हायच्या आधीपासून! नाना रस्त्याच्या पलीकडेच राहतात, पण भावाभावांचं बोलणं बंद. काही सांगायचं असेल तर वकिलामार्फत सांगतात. त्या तुकड्यावर दोन्ही घरांतलं कुणी साधी पापडाची चटईसुद्धा टाकत नाही.

"अहो, आपण काय बंगला बांधतोय?" मी म्हणाले. "आण्णा कासारसाईला वन्संकडे गेलेत. ते यायच्या आत उभा करू, बघू आणि काढू!"

तंबू काय सुरेख उभा राहिला! खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा मातीत गेल्या. दिशा आणि चार वर्षांची जुईली आत शिरल्या, चेन लावून घेतली आणि बाहेर यायलाच तयार होईनात. मी कौतुकाने फोटो काढत होते, तेवढ्यात नानांचा मुलगा शेखर मोटारसायकलवरून चालला होता, त्याने करकचून ब्रेक मारला.

"वहिनी, हे काय?"

"तंबू!" मी उत्साहाने सांगितलं. "आत्ता नुसता उभा राहतोय का बघतोय. शनिवारी सगळं सामान घेऊनच राहायला! चूलबीलसुद्धा!"

"शनिवारी?" शेखरचा आवाज बारीक झाला. "आणि आण्णांना माहितीये?"

"त्यांना सरप्राइज देणारे!"

शेखर गाडी वळवून तडक घरी गेला. मला वाटलं, याच्याही पोरांना तंबू हवा असणार. पोरी आतच पेंगल्या होत्या, त्यांना उचलून घरी आणलं. तंबू सकाळी काढू म्हटलं.

सकाळी चहा घेऊन खिडकीत आले, तर तंबूशेजारी म्हैस बांधलेली! म्हशीशेजारी बाज, आणि बाजेवर कानटोपी घालून कुशाबानाना!

मी धावत गेले. "नाना, थंडीत इथे कुठे बसलात?"

"बसणारच! तुमी तंबू ठोकून ताबा मारणार आन आमी काय गोधडीत झोपून ऱ्हायचं? माझी बी जागा हाय ही. म्हस हितनं हलायची न्हाई!"

"अहो नाना, ते पोरींच्या कॅम्पिंगसाठी..."

"त्याला आता काय बी नाव द्या!"

मी पुढे बोलणार, तेवढ्यात कासारसाईची रिक्षा येऊन थांबली. आण्णा उतरले. त्यांनी तंबू बघितला. म्हैस बघितली. मग माझ्याकडे बघितलं. माझी बोबडीच वळली!

"ह्यो तंबू कुणी ठोकला?"

"मी, आण्णा," मी कशीबशी म्हणाले.

आण्णांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "कैलास!" त्यांनी हाक मारली. "बघ! तुला आन तुझ्या वकिलाला जे जमलं न्हाई, ते माझ्या सूनबाईनं करून दावलं! वाघीण हाय वाघीण!"

आता तुम्हीच सांगा! लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या पुरणपोळीलासुद्धा "बरी हाय" याच्या वर मार्क दिले नाहीत. आज भर रस्त्यात मला वाघीण म्हणत होते. खरं सांगायला माझी जीभच रेटेना. पदर नव्हता, म्हणून मी डोक्यावर ओढणी घेतली आणि नमस्कार केला.

आण्णा पानाची चंची, घोंगडी आणि रेडिओ घेऊन तंबूत राहायला गेले. "आता हा तंबू हलला तर माझ्या मढ्यावरनं!" असं आतून जाहीर केलं.

त्यावर शेखरने मांडववाल्याला बोलावलं. दुपारपर्यंत झालर लावलेला मांडव, खुर्च्या आणि पंखा! नानांची सून नलिनी हिने तिथेच चूल पेटवली आणि पिठलं टाकलं. म्हणून मग मीही विटा मांडून भाकरी थापायला घेतल्या. पिठलं त्यांच्याकडे, भाकरी आमच्याकडे! पोरं मधल्या मधे दोन्हीकडून खात होती, आणि आम्ही दोघी जावा एकमेकींकडे बघून हसू दाबत होतो. मांडव बघून खोल्यांमधली सॉफ्टवेअरची पोरं हात धुऊन आली. "भाभी, खाना शुरू हो गया क्या?" एक गाडी थांबली, तिच्यातल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "प्लॉटचं बुकिंग सुरू झालं का?" नाना आणि आण्णा दोघं एकदम ओरडले, "न्हाई!"

हे सगळं मजेचं होतं, पण शनिवार उजाडला. दिशा सकाळपासून टोपी घालून, पाठीला सॅक लावून पायरीवर बसली होती. जुईली टॉर्च लावून उन्हात बघत होती. आणि आमचा तंबू आण्णांसकट चिंचेखाली! मी धरणावरच्या मालकाला फोन केला. भाड्याचा एकही तंबू शिल्लक नव्हता.

"आई, सोमवारी मी काय सांगू?" दिशाने विचारलं. तिचे ओठ थरथरले. वाघीणपण गेलं खड्ड्यात, असं ठरवून मी तंबूपाशी गेले आणि आण्णांना खरं ते सांगून टाकलं.

आण्णांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "पोरींचं खरं हाय. पर आदी त्याची म्हस हलली पायजे."

"आदी त्याचा तंबू!" नाना मांडवातून गरजले.

शेवटी कैलासने तोडगा काढला. दोघांनी एकाच वेळी काढायचं! आण्णा तंबूच्या खुंटीला, नाना मांडवाच्या दोरीला. "एक, दोन, तीन!" कैलास ओरडला.

कुणीच काढलं नाही. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत बसले.

"पुन्हा! एक, दोन, तीन!"

आण्णांनी खुंटी थोडी हलवली, नानांनी दोरी थोडी सैल केली, आणि दोघांनी परत घट्ट केली. "आदी त्याला काढाय सांग!" "त्यो थोरला, त्यानं काढावं!" असं कैलासकडे बघून सुरू झालं. शेवटी दमून दोघं मांडवाच्या सावलीत खाली बसले, हात मात्र आपापल्या जागी.

तेवढ्यात मागून दिशाचा आवाज आला. "पोरांनो, ओढाऽऽ!"

शेखरची दोन, आमच्या दोन आणि शेजारची मिळून सगळी सेना एकेका दोरीला लटकली होती. तंबू फुस्सकन बसला. मांडव पुढे झुकला, मागे झुकला आणि झालरीसकट दोघा म्हाताऱ्यांवर येऊन पडला! म्हैस बिचकली, खुंटा उपटून शांतपणे रस्ता ओलांडून आपल्या गोठ्यात निघून गेली.

कापडाखाली दोन उंचवटे हलत होते.

"कोन हाय रं?" नानांचा आवाज.

"मी हाय. गेणबा."

"मंग पाय काढ की माझ्या पोटावरचा!"

वकील मध्ये न घेता झालेलं हे त्यांचं कित्येक वर्षांतलं पहिलं बोलणं. मग आतून आधी एक खोकला ऐकू आला, आणि नंतर दोघांचं हसू. इतकं हसू की कापड गदागदा हलायला लागलं! मलाही हसताना रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तंबू भरला, पोरी गाडीत उड्या मारत होत्या. निघणार तोच नानांनी दार धरलं. "तुमी गेल्यावर ह्यो परत जाऊन बसंल."

"आन मी पोरींबरोबर गेलो तर ह्यो बसंल!" आण्णा म्हणाले.

दोघांना एकमेकांच्या नजरेसमोर ठेवणं हा एकच उपाय होता. नाना पुढे, आण्णा मागे, मांडीवर पोरी आणि पायाशी पातेली! घोटवडे फाट्यापर्यंत दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघत होते. पौड गेल्यावर नाना आपला पानाचा डबा मागे करून म्हणाले, "पान खातोस का?"

आणि काय सांगू तुम्हाला ते धरण! पाणी सोन्यासारखं चमकत होतं, पोरी काठाकाठाने किंचाळत पळत होत्या, आणि आमचा तंबू पुण्याच्या सगळ्या लोकांआधी उभा राहिला! दिशाने मला अशी घट्ट मिठी मारली की सगळा शीण गेला. फक्त झोपायच्या वेळी तंबूत आण्णा, नाना आणि मधे दोन पोरी अशी भरती झाली. आम्ही नवराबायको गाडीत गिअरला पाय लावून झोपलो.

सकाळी जागेचा मालक आला. भला माणूस. "ताई, जरा जागा मोकळी करा, पुढची मंडळी येतायत."

जुईली तंबूच्या दारात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. "आमी न्हाई हलणार! आमचा तंबू हाय, मग जागा बी आमचीच!"

मालक हसला. मीही हसले आणि दोघा वडीलधाऱ्यांकडे वळले. "सांगा हिला काहीतरी!"

आण्णांनी पाण्याकडे बघितलं. नानांनी चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पोरगी चुकीचं काय बोलतीया?" नाना म्हणाले.

"काय बी न्हाई," आण्णा म्हणाले, आणि मालकाकडे वळले. "पाव्हणं, सातबारा कुणाच्या नावावर हाय ओ हा?"

मालकाचं हसू तिथेच थांबलं.

सोमवारी दिशाने वर्ग गाजवला. पोरी रोज विचारतात, परत कधी जायचं? म्हणून काल मी त्या मालकाला फोन लावला. नाव सांगितलं. "ताई, सगळं फुल हाय!" तो म्हणाला.

मी अजून तारीख सांगितली नव्हती.