अकरा शेंगांचे सासरे

माझ्या सासऱ्यांनी आजवर आमच्या घरी एका भाजीला पुरेल इतकी भाजी कधीही आणलेली नाही.

ते दर रविवारी येतात. चांदीप या त्यांच्या गावाहून विरारजवळ आमच्या चंदनसारला. सकाळी साडेआठला बेल वाजते, दारात बाबा उभे असतात, हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीत सहा भेंड्या, एक वांगं, तळहाताएवढा दुधी, करांद्याचे दोन कंद, अळूची तीन पानं आणि गवारीच्या अकरा शेंगा. अकरा हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही, मोजल्या आहेत. लग्नाला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणूस एकदा तरी मोजतोच.

आता गवारीच्या अकरा शेंगांचं करायचं काय? संगीता, म्हणजे माझी बायको, ते सगळं चिरून एकाच पातेल्यात टाकते आणि रविवारी आमच्या घरी जे शिजतं त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही. मी एकदा धीर करून म्हणालो, "बाबा, एखाद्या रविवारी नुसती किलोभर भेंडी आणा ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अभद्र बोललो असल्यासारखं.

"किलोभर भेंडी कशाला? पोट हाय ते, गोदाम नाय."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा दिवस जातो तो ज्या विषयाचं पुस्तक त्याच विषयाच्या फळीवर लावण्यात. वडील साताऱ्याकडचे, आमच्या शेतात ऊस. ऊस म्हणजे ऊस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा बाबांचं शेत बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, हे अजून साफ करायचं राहिलं आहे. पावणेदोन एकर जमीन. खालच्या खाचरात भात, तेवढं समजलं. वरच्या तुकड्यात मात्र काहीही कुठेही होतं. मी पाऊल टाकलं तर बाबा म्हणाले, "तितं नको, हळद हाय." पाय उचलून बाजूला ठेवला. "तितं रताळी." मागे सरकलो. "सुरन, सुरन." शेवटी मी एका पायावर उभा राहिलो आणि विचारलं, "मग पाय ठेवू कुठे?" त्यांनी शांतपणे बोट दाखवलं ते थेट घराच्या ओट्याकडे.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. फोनवर ख्यालीखुशाली नाही, पाऊसपाणी नाही. "ताटात काय काय होतं?" आपण सांगायचं आणि तिकडे त्यांनी बोटं मोजायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "पनीर होतं."

पलीकडे बोटं अडली असावीत. मग, "त्ये कुटं उगवतं?"

लग्नात त्यांना नेणं म्हणजे जोखीम. एका लग्नात बटाट्याची सुकी भाजी, बटाट्याचा रस्सा आणि बटाटावडा असं पान होतं. बाबा जेवले, हात धुतले आणि वाढप्याला बाजूला घेऊन विचारलं, "गावात दुसरं काय पिकत नाय का?" तो बिचारा बिहारचा. त्याला वाटलं, आजोबांना आणखी वडे हवेत. त्याने चार आणून दिले.

आमच्या सोसायटीत तर त्यांनी मला कायमचं बदनाम केलं आहे. गेटाजवळ शोभेच्या झाडांचा वाफा आहे. एका रविवारी ते सेक्रेटरींना भेटले आणि एका झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला काय येतं?"

"काही नाही. शोभेचं आहे."

"शोभा शिजते का?"

सेक्रेटरी हसले, मीही हसलो. महिन्याभराने कंपाउंडच्या जाळीवर चवळीचे वेल चढलेले दिसले तेव्हा हसणारं कोणी उरलं नव्हतं. नोटीस माझ्या नावाने आली. वेल मी स्वतः उपटले. वॉचमनने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं, कारण कोवळ्या शेंगा तो रोज घरी नेत होता.

असल्या माणसाला शिस्त लावायची असं मी आणि माझा मेहुणा प्रशांत, आम्ही दोघांनी ठरवलं. प्रशांत वसई पूर्वेला एका कारखान्यात होता. चांदीपच्या घरात तो, त्याची बायको, दोन मुलं, आई आणि बाबा. त्याला कोणीतरी गाठ घालून दिलेला एक व्यापारी काकडी घ्यायला तयार होता. अट एकच, माल भरपूर आणि एकसारखा हवा. मला तर 'एकसारखा' हा शब्दच आवडला. आम्ही कागदावर आराखडा काढला. वरचा सगळा तुकडा साफ करायचा, मांडव घालायचे, सरळ ओळी, फक्त काकडी.

बाबा दोन दिवस त्या कागदाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वरल्यातला मधला तुकडा घ्या तुमी. घरामागली पट्टी आनि बांध माजे."

घरामागची पट्टी म्हणजे दगड आणि उतार. आम्ही उदारपणे देऊन टाकली.

त्या पावसाळ्यात काकडीचे मांडव उभे राहिले तेव्हा मला खरंच भरून आलं. मी फोटो काढून साताऱ्याला वडिलांना पाठवले. पुढच्या रविवारी गेलो तर तिसऱ्या मांडवावर दोडका. मी उपटला. त्याच्या पुढच्या रविवारी दोडका पाचव्या मांडवावर. मी बाबांना गाठलं.

"बाबा, इथे फक्त काकडी ठरली होती."

"काकडीच हाय की. हा सोबतीला."

"काकडीला सोबत लागत नाही."

"तुमाला कोनी सांगितलं?"

आमच्या वाचनालयात शेतीवर एक अख्खी फळी आहे, पण त्यात काकडीला एकटं वाटतं की नाही हे कुठेही दिलेलं नाही.

पहिला तोडा छान निघाला. दुसऱ्या तोड्याच्या वेळी पाऊस लागला तो थांबेचना. पानांवर पिवळे ठिपके आले. केवडा पडला, असं त्या रोगाला म्हणतात, नाव ऐकून कोणालाही सुगंधी वाटेल. आठवड्याभरात सरळ ओळीत लावलेली आमची काकडी सरळ ओळीत जळाली. एकही मांडव वाचला नाही. सगळी एकसारखी, तेव्हा रोगालाही कुठे अडायचं कारण नव्हतं.

भात तरी आहे, असं आम्ही म्हणत होतो. भात कापून खाचरात पसरला आणि परतीच्या पावसाने चार दिवस झोडपलं. लोंब्यांना कोंब आले. त्याच सुमाराला प्रशांतच्या कारखान्यात एक पाळी बंद झाली आणि तो घरी बसला. कणगी रिकामी, मांडव रिकामे आणि खाणारी माणसं सहा.

आता बाबा काय बोलतात याची मी तयारी करून गेलो होतो. मनात उत्तरंसुद्धा जुळवली होती. हवामानाचा दोष, बियाण्याचा दोष वगैरे. बाबा काही बोललेच नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं. ते नुसते कुदळ घेऊन घरामागे गेले आणि खणायला लागले.

त्या पट्टीत काय काय होतं ते मला तेव्हा कळलं. उतारावर नाचणी, पाणी निघून गेल्यामुळे शाबूत. जमिनीत रताळी, करांदे, सुरण, हातभर लांब कोनफळं. बांधावर तूर आणि शेवगा. माळ्यावर लाल भोपळे ठेवलेले. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी उकडलेली रताळी, संध्याकाळी जे पिकलं असेल ते. मी दर आठवड्याला जात होतो आणि दर वेळी ताटात निदान चार वस्तू होत्या. मीच मोजायला लागलो होतो, काय सांगायचं.

अगदी सुखाचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तेल, साखर, मुलांच्या वह्या, हे काही बांधावर उगवत नाही. ते आम्ही आणून देत होतो आणि प्रशांत मान खाली घालून घेत होता. नाचणीचा कंटाळाही आला. प्रशांतची धाकटी मुलगी एका दुपारी ताटाकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, आज पांढरं काय नाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार मोठी कोनफळं सायकलला बांधली आणि पलीकडच्या गावात कोणाकडे तरी नेऊन त्याच्या बदल्यात तांदूळ आणले. संगीताला हे कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. जणू पाऊस मी पाडला होता.

मागे वळून बघितलं तर खरं ते एवढंच, की त्या घरात दिवाळी ते शिमगा कोणी उपाशी झोपलं नाही. आणि ते माझ्या आराखड्यामुळे नव्हे. शिमग्यानंतर प्रशांतला दुसरीकडे काम लागलं.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी बाबांनी मला चांदीपला बोलावून घेतलं. "तुमी पुस्तकांना चिठ्ठ्या लावता ना? मग पेन घेऊन या."

ओट्यावर त्यांनी बियाण्यांच्या पुरचुंड्या मांडल्या होत्या. जुन्या साड्यांच्या, धोतरांच्या तुकड्यांत राख लावून बांधलेलं बी. पंचवीस-तीस तरी असतील. माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. मी चिठ्ठ्या कापल्या, पहिली पुरचुंडी उचलली आणि विचारलं, "हे काय? वाल?"

"हिराबाय."

"अहो, पिकाचं नाव सांगा."

"हिराबायचे वाल. हिराबाय लिवा."

दुसरी गोविंदची तूर. गोविंद लिहा. तिसरी शांत्याचा भोपळा. प्रत्येक वेळी मी पिकाचं नाव विचारत होतो आणि ते माणसाचं सांगत होते. दहाव्या चिठ्ठीला मी पेन खाली ठेवलं. "बाबा, ही सगळी माणसं कोण?"

"गावातलीच." ते एक गाठ सोडून परत बांधत होते. "पयलं कोनाच्याच घरी सगळं नसायचं. हिराबायकडं वाल, गोविंदकडं तूर. बी पायजे तर उठून जायचं. बसायचं, च्या व्हायचा, दोन गोष्टी व्हायच्या, मग बी. निस्तं बी कोन आनतो?" मग म्हणाले, "आता तिच्या शेतात गाळे झाले. गोविंद विकून गेला. शांत्या गेला तो वरच गेला. मागायचं कोनाकडं? म्हनून सगळ्यांचं मलाच ठेवाया लागतं."

मी चौदा वर्षं ज्याला पसारा म्हणत होतो, ते एकट्या माणसाने धरून ठेवलेलं अख्खं गाव होतं. मी उरलेल्या चिठ्ठ्या लिहिल्या. माणसांच्याच नावाने.

निघताना ते म्हणाले, "हिराबाय तुमच्याच बाजूला राहते म्हनं. चंदनसारला. घर शोधून द्याल?"

ती आमच्यापासून पाच इमारती पलीकडे निघाली. चौथा मजला, लिफ्ट बंद. बाबा प्रत्येक जिन्यावर थांबत चढले. दार तिच्या सुनेने उघडलं. आत खुर्चीत एक वाळकी म्हातारी टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीचा आवाज बंद होता.

"नामा?" ती म्हणाली. "तू कसा काय आलास?"

"बी मागाया आलो," बाबा म्हणाले. "वालाचं. माज्याकडचं संपलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून वालाच्या पुरचुंडीवरची, तिच्या नावाची, माझ्या अक्षरातली चिठ्ठी डोकावत होती. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

हिराबाय खुर्चीतून उठली. सून म्हणाली, "आई, तुमच्याकडे कुठलं बी?" तिने ऐकलं नाही. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तिच्यातून स्टीलचा डबा काढला, राखेतून मूठभर वाल वेचले आणि एकेक पुसत बाबांच्या रुमालात टाकले.

"यंदा पेरशील तर दाट पेरू नको," ती म्हणाली.

"किती अंतर ठेवू?"

बाबा पन्नास वर्षं वाल पेरत आहेत. तरी तिने हाताची वीत करून दाखवली, ते मान डोलवत राहिले. मग चहा झाला. कोणाच्या गाईला काय झालं होतं, कुठल्या वर्षी नदी कुठवर आली होती, असं तासभर चाललं. सुनेने मला सांगितलं, सासूबाई इतकं बोललेल्या तिने या घरात बघितलेलं नाही.

जिना उतरताना मी विचारलं, "बाबा, हे तर तुमच्याकडे आहेच ना?"

"हाय."

"मग?"

त्यांनी रुमालाची गाठ आणखी आवळली. "ती गाव सोडून चार वर्सं झाली, तवापास्नं डब्यात. हे काय उगवायचं नाय."

दोन पायऱ्या उतरून ते परत थांबले. मला वाटलं धाप लागली. पण ते डोळे बारीक करून समोरच्या इमारती बघत होते, एकेक मजला.

"गोविंद बी इकडंच कुटं तरी राहतो म्हनतात," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी काय काम नाय ना तुमाला?"

काम होतं. मी म्हणालो, "नाही, काही काम नाही."