सव्विसावे कूळ

शुक्रवारी सकाळी लिओकादिया आत्या चर्चच्या कचेरीत शिरल्या त्या थेट कारकून गोंझागाच्या टेबलापाशी येऊन थांबल्या. रात्र कशी गेली, घरची मंडळी कशी आहेत, केळीची बाग काय म्हणते, यातले त्यांनी काही म्हणजे काही विचारले नाही. युगांडातल्या या बुगांडा मुलखात कोणी चौकशी न करता एकदम कामाचे बोलू लागले की समजावे, घराला आग लागली आहे किंवा कोणाच्या तरी लावायची आहे. आत्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

“वाच. मोठ्यानं.”

“वधू एरिना, कूळ अळंबी,” गोंझागाने वाचले. “वर कालोली, कूळ अळंबी.”

“उद्या सकाळी दहाला तुम्ही बहीण-भावाचं लग्न लावणार काय रे?”

“पण आत्या, एकाच कुळातली असतील तर आपल्यात कसं...”

“एकाच कुळातली? माझी भाची हत्ती आहे, हत्ती! तिचा बाप हत्ती, आजा हत्ती, मी हत्ती. मुलगा पाणमांजर. चार महिने मी त्याच्या खापरपणज्यापर्यंत खणत गेले, आणि तू दोघांना एका चौकटीत अळंबी करून मोकळा झालास! मुलाच्या काकांनी कागद बघितला. म्हणाले, चर्चचा शिक्का आहे, खोटा कसा म्हणू? कागद बदलला नाही तर वऱ्हाड घरातून हलणार नाही.”

“कंप्युटर चुकत नाही, आत्या,” गोंझागा सवयीने बोलून गेला.

ही सवय ईस्टरपासूनची. त्याआधी लग्नाचे फॉर्म हाताने भरले जात, आणि फादर किझ्झांना ते वाचताना भिंगाइतकीच प्रार्थनेचीही गरज पडे. मग गोंझागाने कंप्युटरवर फॉर्म तयार केला. कुळाच्या चौकटीशेजारचा छोटा बाण दाबला की खाली यादी उघडे, त्यातले आपले कूळ निवडायचे. आसपासच्या कुठल्याही चर्चमध्ये असले काही नव्हते. गोंझागाने कंप्युटर व्हरांड्यात नेऊन ठेवला, जोडप्यांना स्वतःच फॉर्म भरायला लावले, आणि आपण दारात हाताची घडी घालून उभा राहू लागला. कोणी काही विचारू लागले, की तो “यादीत सगळं आहे” एवढेच म्हणे, आणि त्याचा चेहरा बघून विचारणारा गप्प बसे.

आज त्याने स्वतः बाण दाबला. यादी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने अळंबीपासून, म्हणजे स्थानिक भाषेतल्या बुटिकोपासून, सुरू झाली आणि ‘म’ च्या नावांपाशी संपली. ‘न’ चा पत्ताच नव्हता. आणि बुगांडातली निम्मी कुळे तर ‘न’ वरच! हत्ती म्हणजे न्जोवू, पाणमांजर म्हणजे न्गोंगे. गोंझागाला आठवले, यादी भरताना पंचवीस नावे झाल्यावर सव्विसावे काही केल्या आत जाईना. यंत्र दमले असेल, उरलेली सोमवारी घालू, असे म्हणून तो घरी गेला होता. सोमवारी डोक्यातून गेले.

“ज्यांना आपलं कूळ सापडलं नाही,” तो हळूच म्हणाला, “त्यांनी चौकट तशीच सोडली. आणि तशीच सोडली की यादीतलं पहिलं नाव बसतं.”

एवढ्यात फादर किझ्झा आत आले. “म्हणजे मी रविवारी व्यासपीठावरून जी पाच जोडपी वाचली, ती सगळीच्या सगळी...”

“अळंबी,” आत्या म्हणाल्या.

“मला वाटलं, यंदा पाऊस बरा झालाय.” फादर खुर्चीत बसले. “त्या कुळाच्या म्हाताऱ्यांनी मला केळीचा घड पाठवला होता. लिहिलं होतं, वंशवृद्धीबद्दल आभार. आता तो परत कसा करू? खाल्ला आम्ही.”

“घडाचं राहू द्या, फादर. माझ्या पोरीच्या लग्नाचं बोला!” आत्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. “तिची आई नाही. तिला मी वाढवलंय. उद्या ती नटून दारात बसेल आणि कोणी आलं नाही, तर मी तिला काय सांगू?”

गोंझागाने खण उघडून कंपालात केलेल्या दोन आठवड्यांच्या कोर्सची वही काढली. फॉर्मच्या यादीत पंचवीसच नावे मावतात, हे कुंपण ओलांडायची वाट तिच्यात होती, तिचे नाव मॅक्रो. कंप्युटरला एकदाच नीट लिहून द्यायचे, की चौकटीत कोणी शिरले की ही खिडकी उघड, हवी तेवढी लांब यादी दाखव, निवडलेले नाव उचल आणि चौकटीत ठेव. कोर्सच्या वेळी गोंझागाला हा धडा फालतू वाटला होता. आता दीड तास तो त्याच्याशी झटला. दोनदा खिडकी उघडली ती बंदच होईना, एकदा उघडली ती रिकामी. चौथ्यांदा सगळे जुळले.

“आता कुळं सांगा, आत्या. एकही सुटता कामा नये.”

“सुटायला मी काय यंत्र आहे?” म्हणत आत्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. प्रत्येक कुळाचा आपला ढोलाचा ठेका असतो, आणि आत्यांना सगळी कुळे ठेक्यांतच पाठ होती. त्या ठेका वाजवत, नाव सांगत, गोंझागा टाइप करी. दौत थरथरली, खिळ्यावरचे कॅलेंडर खाली पडले, व्हरांड्यात माणसे गोळा झाली. आपापला ठेका आला की बाहेरून कोणीतरी छाती काढून ओरडे, “हे आम्ही!” फादरांचेही पाय हलत होते.

फॉर्म छापला. वधू हत्ती, वर पाणमांजर. आत्यांनी तो तीनदा वाचला, डोळे टिपले आणि पोराला मोटारसायकलवर बसवावे तसा कागद जपून पिशवीत घातला.

“गुणाचा आहेस रे,” त्या म्हणाल्या. “अख्खा बुगांडा त्या खिडकीत बसवलास.”

गोंझागाची मान ताठ झाली. “अख्खा, आत्या. एकन्‌एक कूळ.”

“मग तुझं दाखव बघू,” फादर म्हणाले.

गोंझागाने ऐटीत यादी उघडली. त्याचे कूळ न्गेये, काळ्या-पांढऱ्या माकडाचे. यादी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. न्गेये नव्हते.

“मी वाजवलं होतं,” आत्या म्हणाल्या. “तेव्हा तुझे हात टाइप करत नव्हते. तेही माझ्याबरोबर टेबलच बडवत होते.”

व्हरांड्यात हशा पिकला. गोंझागाने यादी बंद केली.

“न्गेयेंना यादीत शोधावं लागत नाही,” तो म्हणाला. “चारचौघांत ओळखू येतात.”

मग सगळे पांगल्यावर त्याने दार लोटले, यादी उघडली आणि आपले कूळ तिच्यात घातले. वर्णानुक्रमाने नव्हे, सर्वांत वर, पहिल्या जागी.