तिसरी हाक

धोंडूअप्पांनी पहिल्या हाकेला ओ दिलेली पोलादपुरात कोणी ऐकलेली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तुम्ही अंगणात उभे राहून "अप्पा" म्हणा. ते समोर ओटीवरच असतील, तुमच्याकडे टक लावून बघत असतील, पण तोंडातून शब्द नाही. परत म्हणा, "अप्पा!" नजर तशीच. तिसऱ्यांदा हाक मारलीत की एकदम तोंडभर हसू. "ओ! या, बसा. कधी आलांत?"

या नियमापायी त्यांनी काय काय सोसलंय! गॅसवाला एकदाच ओरडून भरलेला सिलिंडर परत घेऊन गेला, तेव्हा चार दिवस दहीपोह्यांवर काढले. दवाखान्यात कंपाउंडर दोनदा नाव पुकारतो आणि पुढच्या पेशंटला आत घेतो. अंगात ताप असताना अप्पा सगळ्यांच्या आधी जाऊन बसले आणि सगळ्यांच्या नंतर आत गेले. फोन दोनदा वाजून बंद होऊ देतात, तिसऱ्यांदा आला तर उचलतात. त्यामुळे त्यांना फारसे फोन येत नाहीत.

"अप्पा, हे काय खूळ?" मी एकदा विचारलं.

"खूळ नाय गो. भर दुपारी जे फिरतात ना, त्यांना दोनच हाका मारता येतात. तिसरी फक्त जित्या माणसाला जमते. माझ्या आयशीनं शिकवलंन."

"पण दवाखान्यात तर सकाळी दहा वाजता गेला होतात."

"सवय असलेली बरी."

आम्ही मागच्या दिवाळीत त्यांच्या शेजारी भाड्याने राहायला आलो. नवरा मुंबईत कामाला, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, माझं शिलाई मशीन आणि अडीच वर्षांची ओवी. मे महिन्यात शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे येऊन पडले आणि वरचे पत्रे तव्यासारखे तापले. दुपारी वीज हटकून जायची. ओवीला बाहेर जायचं असायचं आणि बाहेर तर पाय ठेववत नव्हता. ती भोकाड पसरायची, माझी शिवण वाकडी जायची. एक दिवस मीही तिच्याबरोबर रडायला बसले, तेव्हा कुडापलीकडून अप्पांचा आवाज आला, "दे ती हिकडं."

अप्पा एसटीत कंडक्टर होते. जन्म आंबेनळी घाट चढण्या-उतरण्यात गेला. त्यांच्या घरात शेणाने सारवलेली गार जमीन, दाराला ओलं गोणपाट. तिथे त्यांनी चार पाट एकामागे एक मांडले आणि ओवीच्या हातात स्टीअरिंग म्हणून ताट दिलं. तांब्यावर पळी एकदा मारली की गाडी थांबायची, दोनदा मारली की सुटायची. पोलादपूर ते महाबळेश्वर! प्रत्येक वळणाला अप्पा दोघांच्या अंगावर थोडं पाणी शिंपडायचे. "बघ, गार लागायला लागलं." पहिल्या दिवशी मी संध्याकाळी आणायला गेले तर दोघंही कानटोप्या घालून कुडकुडत बसलेली.

"आई, थंदी!" ओवी म्हणाली.

"दार लाव गो," अप्पा म्हणाले, "वारा येतोय."

मी हसून हसून बेजार झाले. मग माझं लक्ष शेवटच्या पाटाकडे गेलं. तो रिकामा होता, पण त्याच्यावर घडी केलेली गोधडी ठेवली होती, बसणाऱ्याला टोचू नये म्हणून.

"इथे कोण?"

"एक पॅशिंजर यायचंय," अप्पा मागच्या दाराकडे बघत म्हणाले. "दोन हाका झाल्या हायत. तिसरी ऱ्हायलेय."

मी ते हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभराने, भर बारा वाजता, ओवी माझ्यापाशी चिंध्यांशी खेळत होती. खेळता खेळता थांबली. मान वळवून परसाकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली. "दोन," ती म्हणाली.

मी मशीन थांबवलं. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. एवढ्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. त्यात भर म्हणजे ती आता जेवायलाही तिसऱ्या हाकेशिवाय येईना. मी घाबरले होते आणि घाबरले की मला राग येतो. ओवीला अप्पांकडे पाठवणं मी बंद केलं.

दोन दिवसांनी दुपारी मी बॉबिन भरत होते. मान वर केली तर ओवी नाही आणि मागचं दार उघडं.

"ओवी!"

काही नाही.

"ओवी!"

काही नाही. पोर दूर गेलीये की इथेच कुठे तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी आहे, कळायला मार्ग नव्हता. तिसरी हाक मारायचा मला धीर होईना. तिलाही ओ आली नाही तर?

तेवढ्यात अप्पांच्या मागच्या दाराशी तिचा बारीक आवाज आला. "अप्पा." एकदाच.

"ओ!"

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत ओ आली. मी परसात धावले. सत्तरी उलटलेला तो माणूस अनवाणी धावत आला आणि धुण्याच्या काळ्या दगडावरून त्याने ओवीला उचललं. तिचे तळवे लालबुंद झाले होते. त्यांनी माठातलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि घाईत अर्धं बाहेरच सांडलं.

"अप्पा, पहिल्याच हाकेला?"

त्यांनी धुण्याच्या दगडाकडे बोट केलं.

"तुझी काकी ह्याच दगडावर आमसुलं वाळत घालीत होती. अशीच दुपार. मी आत खाटेवर. तिनं हाक मारलीन, 'अवो.' मी गप. परत मारलीन, जरा बारीक. मी म्हटलं, तिसरी येऊ दे."

"मग?"

"ती अजून यायचेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग आता तरी सोडा ना हे."

"सोडलं, तर तिला काय सांगू गो? उगाच पडून ऱ्हायलो म्हणून?"

ओवीच्या तळव्यांना फोड आले, म्हणून ती चार दिवस माझ्याजवळच होती. अप्पा रोज सकाळी तिला कोकम सरबत आणून द्यायचे, आणि दुपारी एकटेच घाट चढायचे. मला मशीनवर बसल्या बसल्या त्यांची पळी ऐकू यायची.

चौथ्या दिवशी बारा वाजता ओवीने चिंध्या खाली ठेवल्या. परसाकडे बघून दोन बोटं वर केली. या वेळी मला भीती वाटली नाही. मी नुसती बघत राहिले. तिने जरा वाट पाहिली आणि मग, अजून नीट जमत नव्हतं म्हणून दुसऱ्या हाताने धरून, तिसरं बोट उभं केलं.

"ओ!" शेजारून अप्पांचा आवाज आला. "ये गो, ये. जागा धरून ठेवलेय."

मग तांब्यावर दोनदा पळी वाजली.